गाडी लागू नये म्हणून कानामागची पट्टी: कोणी लावावी, कोणी लावू नये

सेलूच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्यात घरातील आठ माणसे टेम्पो ट्रॅव्हलरने पंढरपूर, कोल्हापूर करीत गगनबावड्याहून करूळ घाट उतरून मालवणला जाणार आहेत आणि नऊ दिवसांनी आंबोली घाटाने परतणार आहेत. त्यांच्या पत्नीला लहानपणापासून गाडी लागते. आठ वर्षांच्या मुलासाठी सेलू ते जिंतूर एवढ्या अंतरातही एकदा गाडी थांबवावी लागते. बहात्तर वर्षांच्या वडिलांनाही अलीकडे घाटात मळमळते. त्यांना प्रोस्टेटची गोळी चालू आहे. अमेरिकेत राहणाऱ्या चुलतभावाने कानामागे लावायच्या चार पट्ट्या पाठविल्या आहेत. या पट्ट्या तिघांनाही लावता येतील का, मुलासाठी अर्धी कापून चालेल का आणि संपल्यावर आपल्याकडे कुठे मिळतील, असे त्यांनी विचारले आहे.

आधी उत्तर देतो आणि कारणे मागाहून सांगतो. मुलाला ही पट्टी लावू नये, अर्धीही नाही आणि पावही नाही. वडिलांना लावू नये. पत्नीला लावता येईल, परंतु या प्रवासासाठी तिलाही गोळी अधिक सोयीची पडेल असे माझे मत आहे. मी लातूरला सव्वीस वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो आणि या पट्टीमुळे आजारी पडलेली माणसे माझ्याकडे मोजकीच आली. मात्र जी आली त्यांतील बहुतेकांनी ती "साधी चिकटपट्टीच तर आहे" अशा समजुतीने लावलेली होती.

पट्टीत जे औषध असते त्याचे नाव स्कोपोलामिन. त्यालाच हायोसिन असेही म्हणतात. हे औषध आपल्याला वाटते तितके परके नाही. महाशिवरात्रीला परळीला, औंढ्याला किंवा वेरूळच्या घृष्णेश्वराला आपण जे धोत्र्याचे फूल आणि काटेरी फळ वाहतो, त्या धोत्र्यात ॲट्रोपिनबरोबर हेच स्कोपोलामिन असते. खेळता खेळता धोत्र्याच्या बिया खाल्लेले मूल ज्यांनी एकदा पाहिले आहे, त्यांना या औषधाचे सगळे अवगुण एकाच ठिकाणी पाहायला मिळालेले असतात: तोंड कोरडे ठणठणीत, अंग तापलेले आणि लालबुंद पण घामाचा थेंब नाही, बाहुल्या मोठ्या झालेल्या, लघवी तुंबलेली आणि मूल हवेत काहीतरी वेचत असल्यासारखे बोटे हलविते आहे. पट्टीतून मिळणारी मात्रा या विषबाधेच्या तुलनेत फारच थोडी असते, हे खरे आहे. तरीही जात तीच आहे, आणि कोणाला ही पट्टी द्यावी आणि कोणाला देऊ नये याचा विचार करताना मी नेहमी ते धोत्र्याचे मूल डोळ्यांसमोर ठेवतो.

गाडी का लागते हे थोडे समजून घेतले तर औषध नेमके कुठे काम करते ते कळेल. आपल्या आतल्या कानात तोल आणि हालचाल टिपणारी यंत्रणा असते. गाडी वळणावर झोके घेत असताना ही यंत्रणा मेंदूला सांगते की आपण हलत आहोत. त्याच वेळी डोळे मात्र समोरच्या सीटच्या पाठीवर किंवा मोबाइलवर खिळलेले असतात आणि ते सांगतात की सगळे स्थिर आहे. या दोन बातम्या जुळत नाहीत, आणि या विसंगतीतून मळमळ, लाळ सुटणे, थंड घाम आणि उलटी हा क्रम सुरू होतो. ज्यांच्या दोन्ही कानांतील ही यंत्रणा पूर्ण निकामी झालेली असते त्यांना गाडी लागतच नाही, यावरून मूळ कुठे आहे ते दिसते. सर्वांत त्रासदायक असतो तो सावकाश झोका, साधारण पाच सेकंदांना एक या गतीचा. घाटातील वळणे, टेम्पो ट्रॅव्हलरची मागची सीट आणि समुद्रावरची बोट या तिन्ही ठिकाणी असेच सावकाश झोके बसतात. उघड्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून वाडीवरून शहरात आलेली बाई काचबंद एसी बसमध्ये मात्र अर्ध्या तासात ओकते, असे मी कितीदा तरी ऐकले आहे. ट्रॉलीत तिला क्षितिज दिसत होते आणि वारा लागत होता, बसमध्ये पडदे ओढलेले असतात. चालकाला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच ठाऊक असते.

आतल्या कानाकडून निघालेला निरोप मेंदूतील तोलाच्या केंद्रापर्यंत आणि तेथून उलटीच्या केंद्रापर्यंत पोहोचविण्याच्या कामात ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन महत्त्वाचे असते. स्कोपोलामिन या रसायनाचा मार्ग अडविते. अडचण अशी की हेच रसायन लाळ, घाम, डोळ्याची बाहुली, आतडी, मूत्राशय आणि स्मरणशक्ती या सगळ्यांच्याही कामी येते, त्यामुळे अडवणूक केवळ उलटीपुरती राहत नाही. पट्टी लावणाऱ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांचे तोंड कोरडे पडते ते याचमुळे. काहींना गुंगी येते, काहींना जवळचे अक्षर अंधुक दिसते.

येथे एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे, कारण तो मला जवळजवळ दर महिन्याला भेटतो. पोटात मुरडा आला की आपण जी बुस्कोपानची गोळी घेतो तिच्या वेष्टनावरही हायोसिन असा शब्द असतो, आणि तो वाचून लोक ती गोळी प्रवासासाठी घेतात. ते हायोसिन ब्युटिलब्रोमाइड आहे. ते रक्तातून मेंदूत जवळजवळ शिरत नाही, म्हणून आतड्याचा पीळ सोडविण्याच्या कामी येते आणि गाडी लागण्यावर त्याचा काही उपयोग होत नाही. नाव अर्धे सारखे आहे एवढेच.

आता पट्टीकडे येऊ. स्कोपोलामिनचा हा गुण जुनाच ठाऊक होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्याकडे निघालेल्या सैनिकांना बोट लागू नये म्हणून हेच औषध देण्यात आले होते. परंतु गोळीच्या रूपात त्याचा परिणाम काही तासांतच ओसरतो, आणि मात्रा थोडी वाढविली की गुंगी व गोंधळ सुरू होतो. यावर तोडगा म्हणून कातडीतून थेंबाथेंबाने औषध सोडणारी पट्टी तयार झाली आणि १९७९ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. कातडीतून संपूर्ण शरीराला औषध देणारी ती तेथील पहिली पट्टी होती. आकाराने ती जुन्या रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान असते. तिच्यात बाहेरून पाठीचा थर, त्याखाली औषधाचा साठा, त्याखाली औषधाचा वेग ठरविणारा सूक्ष्म छिद्रांचा पडदा आणि सर्वांत खाली चिकट थर असतो. चिकट थरातही थोडे औषध असते. ते आधी जाऊन कातडी भरून घेते आणि मग पडद्यातून संथ धार सुरू होते. तीन दिवसांत मिळून सुमारे एक मिलिग्रॅम औषध शरीरात जाते. कानामागची जागा निवडण्याचे कारण असे की, तपासलेल्या जागांपैकी तेथील कातडीतून हे औषध सर्वांत सहज आत जाते.

पट्टी का कापू नये हे या रचनेतच आहे. आतील पडदा हा या सगळ्या व्यवस्थेचा दरवाजा आहे. पट्टी कात्रीने कापली की कापलेल्या कडेने औषध किती वेगाने बाहेर पडेल ते कोणालाच सांगता येत नाही. अर्ध्या गोळीत अर्धे औषध असते, म्हणून अर्ध्या पट्टीतही अर्धेच जाईल, हा हिशेब येथे चालत नाही. शिवाय मुलांचा मेंदू या औषधाला विशेष संवेदनशील असतो. अमेरिकेत लहान मुलांसाठी या पट्टीला मान्यता नाही आणि ब्रिटनमध्ये ती दहा वर्षांखालील मुलांना दिली जात नाही. तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्यामुळे हा प्रश्न येथेच मिटतो.

वडिलांचा प्रश्न मला अधिक काळजीचा वाटतो, कारण वडीलधाऱ्यांना पट्टी लावून देताना घरच्यांच्या मनात प्रेमाशिवाय दुसरे काही नसते. काही वर्षांपूर्वी उदगीर भागातील एका शेतकरी गृहस्थांना रात्री माझ्याकडे दाखल करण्यात आले. तीर्थयात्रेवरून परतून त्यांना दोन दिवस झाले होते. ते अंगावरची चादर सारखी घडी घालीत होते, उलगडीत होते आणि "बैल सोडायचे राहिले" असे म्हणत खाटेवरून उतरू पाहत होते. ताप नव्हता, लकवा नव्हता, साखर आणि सोडियम ठीक होते. पोट तपासताना बेंबीखाली टणक फुगवटा हाताला लागला. नळी घातल्यावर जवळजवळ लिटरभर लघवी निघाली. आम्ही मेंदूच्या स्कॅनची तयारी करीत होतो. सकाळी सिस्टरने तोंड पुसताना कानामागे चिकटलेली, कडा मळलेली पट्टी पाहिली आणि मला बोलाविले. मुलाने परदेशातून आणलेली ती दुसरी पट्टी होती. पहिली तीन दिवसांनी काढून यात्रेतच दुसऱ्या कानामागे ही लावली होती आणि मग सगळेच तिला विसरले होते. मी त्या रात्री त्यांना दोनदा तपासले होते, छातीपासून तळपायापर्यंत. कानामागे मात्र पाहिले नव्हते. पट्टी काढल्यावर दीड-दोन दिवसांत ते ताळ्यावर आले. तेव्हापासून गोंधळलेला वृद्ध रुग्ण आला की मी आधी त्याचे दोन्ही कान पुढे वाकवून पाहतो.

प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी मुळातच अडखळत येत असते, आणि हे औषध मूत्राशयाचे आकुंचन आणखी सैल करते. त्यामुळे तुमच्या वडिलांना घाटातील दहा मिनिटांची मळमळ वाचविण्याच्या नादात वाटेत कुठे तरी नळी घालून घेण्याची वेळ यायची. साठीच्या पुढे, प्रोस्टेट नसला तरी, विसराळूपणा सुरू झालेल्या माणसाला ही पट्टी मी सुचवीत नाही. मधुमेहामुळे तळपायांची आग होते म्हणून रात्री ॲमिट्रिप्टिलिनची लहान गोळी घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिचेही काम काही अंशी याच मार्गाने चालते, म्हणून दोन्ही एकत्र आले की परिणामांची बेरीज होते. ज्यांना काचबिंदूचा बंद कोनाचा प्रकार आहे त्यांच्या डोळ्यातील दाब या औषधाने एकाएकी वाढू शकतो, म्हणून त्यांना ही पट्टी पूर्णपणे वर्ज्य आहे. फीट येण्याचा इतिहास, आतड्यातील अडथळा, गरोदरपण आणि अंगावर पाजणारी आई, या प्रत्येक ठिकाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टी उघडूही नये.

आता मे महिन्याविषयी. परदेशातून आलेल्या माहितीपत्रकात ज्या गोष्टीला एखादी ओळ मिळते ती आपल्याकडे पहिल्या पानावर हवी. घामाच्या ग्रंथींना घाम गाळण्याची आज्ञा ॲसिटिलकोलिनच पोहोचविते. स्कोपोलामिनने ती अडली की घाम कमी होतो आणि शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच पट्टीबाबत शरीराचे तापमान धोकादायकरीत्या वाढल्याच्या घटनांचा इशारा दिला; त्यांतील बहुतेक रुग्ण सतरा वर्षांपर्यंतची मुले आणि साठ वर्षांवरील माणसे होती. परभणीत मेमध्ये पारा चाळीस-बेचाळीसच्या पुढे जातो, टेम्पोचा पत्रा तापलेला असतो आणि पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत उभे राहायचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे मुलाला आणि वडिलांना नकार देण्यात मी इतका ठाम का आहे ते समजेल. पट्टी लावलेल्या कोणाचेही अंग गरम लागले, घाम थांबला, बोलणे असंबद्ध झाले किंवा नाडी फार जलद वाटली, तर पट्टी ताबडतोब काढावी, ती जागा साबणाने धुवावी, माणसाला सावलीत नेऊन अंगावर पाणी मारावे व वारा घालावा आणि जवळच्या रुग्णालयात न्यावे. पट्टी काढली म्हणजे औषध लगेच संपत नाही; कातडीत मुरलेले औषध आणखी बराच वेळ रक्तात उतरत राहते.

तुमच्या पत्नीचा विचार वेगळा आहे. वय अडतीस, दुसरा आजार नाही, गरोदर नाही असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे पट्टी तिला निषिद्ध नाही. प्रश्न आहे तो ती या प्रवासाला साजेशी आहे का, हा. ही पट्टी परिणाम दाखवायलाच काही तास घेते. प्रवासाच्या किमान चार तास आधी, आणि माझ्या अनुभवाने आदल्या रात्री झोपताना, ती लावावी लागते. एकदा लावली की तीन दिवस काम करते. म्हणजे ती ज्या प्रवासासाठी घडविली आहे तो असा असतो की ज्यात झोके तीन दिवस थांबतच नाहीत. चेन्नईहून अंदमानला जाणारे जहाज सुमारे अडीच-तीन दिवस घेते. तेथे ही पट्टी खरोखर उपयोगाची आहे. तुमच्या सहलीत पहिले दोन दिवस सपाटीचा रस्ता आहे, मग करूळ घाटाचा तासभर, मग मालवणात मुक्काम, सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंतची छोटीशी होडी आणि परतीला पुन्हा एक घाट. दोन तासांच्या त्रासासाठी तीन दिवस तोंड कोरडे ठेवावे, आणि तेही मालवणचे जेवण समोर असताना, हे मला पटत नाही.

त्यापेक्षा गोळी बरी. आपल्याकडे सर्वत्र मिळणारी ॲव्होमिन ही प्रोमेथाझिनची पंचवीस मिलिग्रॅमची गोळी घाटाच्या तास-दोन तास आधी घेतली, म्हणजे कोल्हापूर सोडण्यापूर्वी घेतली, की सहसा पुरते. तिने झोप येते, पण तुमची पत्नी गाडी चालविणार नाही. झोप नको असेल तर सिनारिझिन, जे स्टुजेरॉन या नावाने लोकांना ठाऊक आहे, ते थोडे कमी गुंगीचे आहे आणि दोन तास आधी घ्यावे. ही दोन्ही औषधे एकत्र घेऊ नयेत, आणि पट्टी लावलेली असताना यांपैकी कोणतेही घेऊ नये. उलटी थांबविणारी म्हणून प्रसिद्ध असलेली ऑन्डानसेट्रॉनची गोळी गाडी लागण्यावर फारशी चालत नाही, आणि "चक्करची गोळी" म्हणून मागून घेतली जाणारी स्टेमेटिल सहज घ्यायची वस्तू नाही; तरुणांमध्ये तिच्याने मान वाकडी होऊन जबडा आखडल्याची उदाहरणे दवाखान्यात येतात. मुलासाठी कोणते औषध आणि किती, ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून वजन करून लिहून घ्यावे. वडिलांना ॲव्होमिनही टाळावी, कारण लघवी अडविण्याचा गुण तिच्यातही थोडा आहे. त्यांना चालकाशेजारची सीट द्यावी, तेवढ्याने भागण्याची शक्यता पुष्कळ आहे.

औषध कोणतेही असो, ते मळमळ सुरू होण्याआधी पोटात किंवा कातडीवर असले पाहिजे. स्कोपोलामिनवरच्या १४ प्रयोगांचा आणि त्यांतील १०२५ लोकांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा ते प्रतिबंधासाठी उपयोगी असल्याचे दिसले. मात्र त्रास सुरू झाल्यावर ते उपयोगी पडते, याचा पुरावा त्या आढाव्यात मिळाला नाही. घाटाच्या तिसऱ्या वळणावर, पहिली उलटी झाल्यावर, पर्समधून पट्टी काढून लावणाऱ्यांना हे सांगावे लागते.

सीटचा आणि खाण्यापिण्याचा विषय मी थोडक्यात आटोपतो, कारण तो बहुतेकांना ठाऊक असतो आणि तरीही पाळला जात नाही. गाडी लागणाऱ्याला पुढच्या किंवा मधल्या सीटवर बसवावे, नजर लांबच्या रस्त्यावर ठेवावी, मुलाच्या हाती मोबाइल देऊ नये. उपाशीपोटी निघू नये आणि मिसळ खाऊनही निघू नये. भाकरी किंवा पोहे थोडे खाऊन निघावे. आलेपाक चघळण्याला माझी हरकत नाही, काहींना त्याने बरे वाटते. सीटवर वर्तमानपत्र अंथरून बसल्याने गाडी लागत नाही, असा एक समज आहे. त्याने औषधाचे काम होत नसले तरी नुकसानही होत नाही, आणि वेळ आली तर तो कागद हाताशी असतो.

पुढे कधी अंदमानला किंवा लक्षद्वीपला जहाजाने जाणार असाल आणि पत्नीने पट्टी लावायची ठरविली, तर काही गोष्टी नीट कराव्या लागतील. कानामागची केस नसलेली, कोरडी, खरचटलेली नसलेली जागा निवडावी. तेथे तेल किंवा पावडर नसावी. चिकट बाजूला बोट न लावता पट्टी बसवावी, कडा नीट दाबून घ्याव्यात आणि लगेच हात साबणाने धुवावेत. हात धुण्यावर मी एवढा भर देतो याला कारण आहे. एका शिक्षिका बाईंच्या एका डोळ्याची बाहुली अचानक मोठी झाली होती आणि त्या डोळ्याने वाचता येत नव्हते. एका मोठ्या शहरातील रुग्णालयात त्यांना मेंदूत गाठ असल्याची भीती घालून तपासण्या लिहून दिल्या होत्या. माझ्याकडे आल्यावर मी विचारले तेव्हा कळले की जहाजावर पट्टी बदलल्यावर त्याच बोटाने त्यांनी काजळ घातले होते, आणि तेही एकाच डोळ्यात, कारण दुसऱ्या डोळ्यात घालायचे तेवढ्यात जहाज हलले. काही न करता आठवड्याभरात बाहुली पूर्ववत झाली.

एका वेळी एकच पट्टी लावावी. ती गळून पडली तर नवी पट्टी दुसऱ्या कानामागे लावावी, जुनीच पुन्हा चिकटवू नये. आंघोळीच्या पाण्याने ती सहसा निघत नाही. तीन दिवसांनी ती काढावी, आणि काढण्याची तारीख घरातील दुसऱ्या कोणी तरी लिहून ठेवावी. बरेच दिवस सलग वापरून काढली तर दुसऱ्या दिवशी चक्कर, मळमळ आणि डोकेदुखी होऊ शकते. ती गाडी लागल्यासारखीच वाटते आणि लोक त्यावर पुन्हा पट्टी लावतात. तसे करू नये. प्रवासात एमआरआय काढण्याची वेळ आलीच तर पट्टी आधी काढावी, कारण तिच्या पाठीच्या थरात धातू असू शकतो आणि तेथील कातडी भाजते. मद्य तर या तीन दिवसांत अजिबात घेऊ नये.

ही पट्टी आपल्याकडे कुठे मिळेल, याबाबत माझा अनुभव असा की लातूर-नांदेडच्या औषध दुकानांत मी ती आजवर पाहिलेली नाही. माझ्यासमोर ज्या आल्या त्या सगळ्या परदेशातील नातेवाइकांच्या बॅगेतून आल्या. ऑनलाइन मात्र "प्रवासात उलटी होऊ नये" अशा नावाखाली कानामागे किंवा बेंबीवर लावायच्या पुष्कळ पट्ट्या विकल्या जातात. त्यांतील बऱ्याच केवळ आले-पुदिन्यासारख्या वनस्पतींच्या अर्काच्या असतात आणि त्या स्कोपोलामिनच्या पट्टीचे काम करतील अशी अपेक्षा ठेवू नये. म्हणून चुलतभावाने पाठविलेल्या वेष्टनावर स्कोपोलामिन हे नाव आणि वापराची अंतिम तारीख आहे का, हे आधी पाहा. नाव असेल तर पट्ट्या मुलाच्या हाताला न लागतील अशा उंच, थंड कपाटात ठेवा. वापरून झालेल्या पट्टीतही औषध शिल्लक असते, म्हणून ती चिकट बाजू आत घालून दुमडावी आणि झाकणाच्या कचरापेटीत टाकावी. टेम्पोच्या खिडकीतून ती फेकली गेली तर रस्त्याकडेला खेळणाऱ्या एखाद्या पोराच्या हाती ती लागू शकते.